टोगोच्या नकाशातलं एक टिंब

श्रोतेहो, नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. डावीकडे घाना, उजवीकडे बेनिन आणि दोघांच्या मध्ये अंग चोरून उभा असलेला टोगो. दक्षिणोत्तर सुमारे ६०० किलोमीटर लांब, पण रुंदी बहुतेक ठिकाणी दीडशेच्या आतच. या चिंचोळ्या देशाच्या मध्यभागी ब्लिट्टा नावाचा भाग आहे. जगातल्या भाषांच्या काही नकाशांवर इथे एक टिंब दिसतं आणि त्याच्याशेजारी लिहिलेलं असतं, गिन्यांगा.

मला आज या टिंबाबद्दल बोलायचं आहे. टिंब पाहून वाटतं की भाषा एका जागी बसलेली असते. ती तशी बसत नाही. ती ओसरीवर असते, बाजारात असते, शेतावर असते, आणि गावाच्या एका आळीत असून दुसरीत नसते.

आधी नावाचंच पाहू. लोक आन्यांगा आणि त्यांची भाषा गिन्यांगा. मूळ शब्द एकच, पुढचा उपसर्ग तेवढा बदलतो. शेजारच्या आदेले लोकांच्या भाषेच्या नावातही असाच ‘गि’ उपसर्ग आहे, ती गिदिरे. फ्रेंच कागदपत्रांत आन्यांगांना ‘आन्यागान’ असंही लिहिलेलं सापडतं. म्हणून नकाशा करणाऱ्याला पहिल्याच दिवशी ही नावं एका धाग्यात ओवावी लागतात. नाहीतर एकाच भाषेच्या दोन भाषा व्हायच्या. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गिन्यांगाला ‘ए-वाय-जी’ हे तीन अक्षरी चिन्ह दिलेलं आहे ते याचसाठी. नाव कसंही लिहा, चिन्ह बदलत नाही.

आता हिचं गोत. गिन्यांगा ही ग्वांग कुळातली भाषा. या कुळातल्या बहुतेक भाषा घानात आहेत. गोंजा, क्राची, चुंबुरुंग, न्कोन्या ही त्यांतली काही नावं. थेट समुद्रकाठी आवुतु आहे. तिकडे बेनिनमध्ये फूडो नावाची बहीण एकटीच राहते, आणि गिन्यांगा इथे टोगोत. आजूबाजूला मात्र काबिये, तेम, एवे, आक्पोसो अशा इतर भाषा. म्हणजे हा नकाशा नुसतं ‘कुठे’ सांगत नाही. एका कुळाची माणसं कुठवर पांगली, तेही त्यावर उमटतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तो नीट काढला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणि तो काढणं अवघड का, तर रस्त्यामुळे आणि रेल्वेमुळे. १८८४ पासून टोगो जर्मनांच्या ताब्यात होता. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश आणि फ्रेंचांनी वाटून घेतला. आजचा टोगो म्हणजे त्यातला फ्रेंचांचा वाटा, १९६० साली स्वतंत्र झालेला. लोमे या बंदरापासून निघालेला लोहमार्ग फ्रेंचांच्या काळात ब्लिट्टापर्यंत आला आणि तिथेच थांबला. वसाहतीच्या सरकारांनी उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून काबिये लोकांना खाली आणलं आणि रस्त्याच्या कडेनं वसवलं. कुणाला सक्तीनं, कुणाला जमिनीच्या ओढीनं. त्यामुळे आज तिथे ‘ब्लिट्टा गार’ वेगळं आणि ‘ब्लिट्टा व्हिलाज’ वेगळं. गार म्हणजे स्टेशन. स्टेशनाभोवती दहा ठिकाणची माणसं जमली, तशा त्यांच्या भाषाही जमल्या. अशा मुलखाला एकच रंग फासला तर नकाशा खोटा बोलतो.

मग करायचं काय? गावोगाव जायचं. जाणत्या माणसांना एकत्र बसवून विचारायचं: तुमच्यासारखंच बोलतात ती गावं कोणती? थोडं वेगळं बोलतात पण कळतं, ती कोणती? अजिबात कळत नाही ती कोणती? उत्तरं मिळतील तशी दगड किंवा चिठ्ठ्या मांडून जमिनीवरच नकाशा करता येतो. मग पाणी, आग, हात, डोळा अशा नेहमीच्या शब्दांची यादी प्रत्येक गावी ध्वनिमुद्रित करायची. एका गावातली गोष्ट दुसऱ्या गावात ऐकवायची आणि मध्येमध्ये प्रश्न विचारायचे. उत्तरं बरोबर आली, तर बोली जवळची. आपल्याकडे ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ म्हणतात. ती कशी आणि किती बदलते, हे मोजायची ही रीत.

एक प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो. ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं की माणूस ‘आन्यांगा’ म्हणेल, पण तेवढ्यावरून घरात गिन्यांगा चालते असं धरता येत नाही. कारभार आणि शाळा फ्रेंचमध्ये. १९७५ पासून एवे आणि काबिये यांना राष्ट्रीय भाषांचा मान आहे, गिन्यांगाला नाही. म्हणून जातीजमातीची गणती उचलून तीच भाषेच्या नकाशावर ठेवणं मला मान्य नाही. विचारायचं ते असं: आजी नातवाला जेवायला कुठल्या भाषेत हाक मारते? आणि नातू ‘आलो’ कुठल्या भाषेत म्हणतो?

दोन्ही उत्तरं गिन्यांगा असतील, त्या गावावर भरीव टिंब द्यावं. आजीचं तेवढं गिन्यांगा असेल, तिथे पोकळ.

नमस्कार.