पऱ्हाटीचं पान भेंडीसारखं का होतं?

श्रोतेहो, नमस्कार. काटोलकडे जा की उमरेडकडे, पावसाळ्यात ही तक्रार कानावर येतेच: पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेंड्याची पानं अरुंद झाली, बोटं फुटल्यासारखी भेंडीच्या वळणावर गेली. कुणी रोग म्हणतं, कुणी बियाण्याला शिव्या घालतं. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. धुऱ्यापलीकडे, शेजारच्या शेतात, कुणी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं का? की तणनाशकाचा पंप न धुताच कपाशीत नेला?

टू-फोर-डी म्हणजे ऑक्सिन या वनस्पतींच्या संप्रेरकाची कारखान्यातली नक्कल. आता गंमत अशी, की ऑक्सिन स्वतः पान वाढवत नाही. पेशीत काही प्रथिनं वाढीच्या जनुकांना दाबून बसलेली असतात. ऑक्सिन आलं की ती टीआयआर-१ नावाच्या, ऑक्सिन ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनाला चिकटतात, पेशी त्यांची विल्हेवाट लावते आणि दबलेली जनुकं कामाला लागतात. या ग्राहकाची ओळख पटली २००५ साली, म्हणजे अगदी अलीकडे. झाड स्वतःचं ऑक्सिन हवं तेव्हा आवरतं. टू-फोर-डी कपाशीला तसं चटकन मोडता येत नाही. कोवळ्या पानातली जनुकं मग थांबायचं नाव घेत नाहीत, शिरा एकमेकींजवळ दाटतात आणि मधला पसारा भरतच नाही.

संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांचा हा प्रताप. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या रोपट्यात ऑक्सिनला जागणारं आर्गोस नावाचं जनुक २००३ साली सापडलं. ते जास्त चालवलं तर पेशी जास्त दिवस विभागत राहतात आणि पान मोठं होतं. मंदावलं तर पान लहान.

संत्र्यावर जिब्रेलिक ॲसिड मारणाऱ्यांना दुसरं उदाहरण पटेल. जिब्रेलिन हे वाढीचं आणखी एक संप्रेरक, जिब्रेलिक ॲसिड त्यातलंच. हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हात ते भरपूर असतं, पण वाढ रोखणारं डेला प्रथिन त्याला दादच देत नाही. म्हणून ताट आखूड राहतं. खत कमी पडलं म्हणून नव्हे.

राहिला प्रश्न आपल्या पऱ्हाटीचा. आधी पूर्ण उमललेली पानं बिघडत नाहीत, कारण त्यांची वाढ तेव्हाच संपलेली असते. आणि वेडीवाकडी झालेली पानं काही केल्या सरळ होत नाहीत. तेव्हा कृषी केंद्रातून बुरशीनाशकाचा डबा आणण्याआधी शेंड्याकडे लक्ष ठेवा. फवारा हलकाच उडाला असेल, तर पुढची फूट रुंद पानांची निघते.