फुकट मिळतं, फुकट बनत नाही

नमस्कार श्रोतेहो. आज पैसे मागण्याबद्दल बोलायचंय. घाबरू नका, मी मागणार नाहीये. काही माणसं एकट्यादुकट्यानं सॉफ्टवेअर बनवतात, त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात आणि आपल्याला ते फुकट वापरू देतात. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. या माणसांनी पोटापाण्यासाठी पैसे मागायचे कुणाकडं, हा आजचा विषय.

त्याआधी साताऱ्यातली एक गोष्ट. ज्यांनी माझ्या तोंडून आधी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐका.

एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. भरतीचे फॉर्म सुटले की बाहेर रांग लागायची. एकदा मी तिथं झेरॉक्ससाठी थांबलो होतो. पांढरी काठी घेतलेला एक तरुण आत आला, खुर्ची चाचपून बसला. खिशातून पेनड्राइव्ह काढला, संगणकाला लावला, कानाला हेडफोन. आणि पहिलं काम काय केलं, तर समोरची स्क्रीनच बंद केली. बोटं मात्र कीबोर्डवर सुसाट.

मालक धावत आले. "अहो दादा, थांबा, स्क्रीन गेलीया."

"असू द्या काका, मीच बंद केलीय. मला काय करायचीय ती? मागं उभी असलेली पोरं उगाच माझा फॉर्म वाचत बसतात."

मालकांनी त्याचा हेडफोन घेऊन स्वतःच्या कानाला लावला. आत कुणीतरी यंत्राच्या आवाजात इतकं भरभर बोलत होतं, की त्यांना एक शब्द लागेना. "हे कोण बडबडतंय?"

पेनड्राइव्हमध्ये होता एनव्हीडीए. स्क्रीन रीडर. स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवरून चालतं, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावरही काम होतं. पूर्ण फॉर्ममध्ये त्यानं मालकांना एकदाच हाक मारली, ती शेवटच्या वेड्यावाकड्या अक्षरांच्या चित्रापाशी. तुम्ही माणूसच आहात ना, हे तपासणारं ते चित्र. ज्याला दिसत नाही तो माणूस नाही, असा हिशेब ज्यानं मांडला त्याला एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून फॉर्म भरायला बसवायला पाहिजे. आणि विषय निघालाच आहे तर, काही कार्यालयं अजून कागदाचा फोटो काढून तोच पीडीएफ म्हणून वेबसाइटवर चढवतात. फोटोतली अक्षरं या वाचकाला, म्हणजे स्क्रीन रीडरला, दिसत नाहीत, तो गप्प बसतो. युनिकोडमध्ये टाइप करायला असं काय जास्तीचं लागतं?

असो. मालकांनी विचारलं, "केवढ्याला पडलं हे?"

"फुकट आहे, काका."

"फुकट? मग करणारा खातो काय?"

श्रोतेहो, ओपन सोर्सवरची मोठमोठी भाषणं मी ऐकलीत, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. करणारा खातो काय? मालकांनी त्या दिवशी पैसे मात्र पूर्ण घेतले, प्रिंटचे वेगळे. पण जाताना त्या तरुणाला म्हणाले, "सगळ्या मशीनवर टाकून जा हे."

आता त्या प्रश्नाचं उत्तर. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन आणि जेमी टेह, दोघंही अंध, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. बाजारातला चांगला स्क्रीन रीडर तेव्हा संगणकापेक्षाही महाग असायचा. म्हणजे डोळस माणसानं एका संगणकाचे पैसे मोजायचे आणि अंध माणसानं दोनांचे. 2006 मध्ये करननं स्वतःच एक लिहायला घेतला, तोच हा एनव्हीडीए. टेह येऊन मिळाला. पुढं त्यांनी एनव्ही अ‍ॅक्सेस नावाची ना-नफा संस्था काढली. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं अनुदान दिलं, तेव्हा पूर्ण वेळ काम करणं जमलं. नंतर मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांनीही दिलं, आणि जगभरचे वापरणारे थोडं थोडं देत राहिले. करणारा खातो ते यातून. 2019 मध्ये वेबएम या संस्थेच्या पाहणीत हा फुकटचा वाचक वापराच्या बाबतीत जॉज नावाच्या महागड्या स्क्रीन रीडरच्याही किंचित पुढं गेला.

आणि एकदा देऊन भागत नाही बरं का. विंडोज बदललं की वाचकही बदलावा लागतो, ब्राउझर बदलला की पुन्हा काम. म्हणून प्रायोजक हवा तो दरसालचा. पुन्हा सांगतो, फुकट मिळतं, फुकट बनत नाही.

मागायचं कसं? गणपतीच्या वर्गणीसारखं: पावतीपुस्तक हातात, आणि खर्च कशावर होणार ते आधी सांगायचं. "मदत करा" असं मोघम लिहिलं की कुणी देत नाही. "मराठी आवाज सुधारायला सहा महिने लागतील, इतके रुपये लागतील" असं लिहा. ओपन सोर्सचा कोड जिथं ठेवतात त्या गिटहब वेबसाइटच्या स्पॉन्सर्स सोयीतून लोक महिन्याला थोडी थोडी रक्कम देऊ शकतात. बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं 2024 मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला 10 लाख डॉलर, जगातल्या कुठल्याही ओपन सोर्स प्रकल्पासाठी. तिथं अर्ज म्हणजे एक छोटी फाइल: आम्ही कोण, काम काय, पैसे किती. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्याकडं जे उधळलं जातं त्यात किती मराठी सॉफ्टवेअर उभी राहिली असती, हा हिशेब मी मनातच ठेवतो.

कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठी बाजूला काढलेला, पैसाही आहे, आणि दिव्यांगांसाठीचं काम त्यात बसतं. पण तो घरी बसून कोड लिहिणाऱ्या एकट्या मुलाच्या हातात पडत नाही, नोंदणी झालेली संस्था लागते. तेव्हा असं काही बनवत असाल तर अंधांसाठी काम करणारी तुमच्या जिल्ह्यातली संस्था गाठा, अर्ज तिच्या नावानं करा, आणि वापरून बघायला तिथलीच मुलं घ्या. चुका ती पहिल्या दिवशीच काढतील. पैसे आले की वर्षाअखेरीला देणाऱ्याला खर्चाचा कागद पाठवा, तोही टाइप केलेला. फोटो काढून नको.

नमस्कार.