उसातला बिबट्या आणि पिंजऱ्यापलीकडची कामे

श्रोतेहो,

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतल्या कोणत्याही बागायती गावात बिबट्याचा विषय निघाला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ती स्वाभाविक आहे. ज्या घरातले मूल गेले त्या घराला निसर्गसाखळीचे पाठ ऐकवणे निर्दयपणाचे आहे, आणि शहरातून येऊन तसे पाठ देणाऱ्यांविषयी गावकऱ्यांना जो राग असतो तो मला रास्तच वाटतो. परंतु बिबटे पकडून दूर नेऊन सोडल्याने काय होते, याचा अनुभव याच भागाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला आहे आणि तो विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

2001 च्या सुरुवातीपासून जुन्नर वनविभागात बिबटे पकडून जंगलात सोडण्याची मोहीम जोरात सुरू झाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले मोहिमेआधी वर्षाला सरासरी 4 आणि मोहिमेनंतर सरासरी 17 असल्याचे दिसून आले. शिवाय हे हल्ले बिबटे सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास एकवटलेले होते. पिंजऱ्यात कोंडलेला, माणसांच्या गर्दीने बिथरलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला जातो, तिथे त्याच्या आधीच दुसरे बिबटे हद्द राखून असतात, आणि जिथून त्याला उचलले ती जागा एखादा भटका तरुण बिबट्या लवकरच धरतो. म्हणजे एका गावाची अडचण कमी होत नाही आणि दुसऱ्या गावाची मात्र वाढते. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडले होते. तो तिथे राहिलाच नाही. रस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडत, सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला, आणि वाटेत त्याने कुणा माणसावर हल्ला केला नाही. 2011 मध्ये तो महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला.

बिबट्या जंगल सोडून गावात आला, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो की ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, डिंभे यांसारखी धरणे झाली, कालव्याचे पाणी आले आणि ज्वारी-बाजरीच्या जिरायतीत ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. आत गारवा आहे, शेजारी पाणी आहे, तोडणीपर्यंत माणसाची चाहूल नाही. बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला याहून चांगली जागा सह्याद्रीच्या कड्यातही मिळणार नाही. या उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलेच नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला गेला, तेव्हा भक्ष्याच्या एकूण वजनापैकी 87 टक्के वाटा पाळीव आणि वस्तीतल्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. तेव्हा ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, हॉटेलमागचा उकिरडा आणि त्यावर पोसलेली कुत्री हा आरोग्याचाच नव्हे तर बिबट्याचाही प्रश्न आहे, हे ग्रामपंचायतीने समजून घ्यायला हवे.

आता गोठ्याकडे येऊ, कारण नुकसानीचा मोठा भाग तिथेच होतो. मळ्यातल्या वस्तीवर शेळ्यांसाठी सहसा चार मेढी, वर पत्रा आणि भोवती तुरकाट्यांचा कूड असतो. बिबट्या कूड फोडून आत शिरतो, शेळ्यांना पळायला वाट नसते, त्या सैरावैरा धावतात आणि एक न्यायला आलेला बिबट्या चार-पाच मारून ठेवतो. उपाय लोखंडी जाळीचा आहे, पण जाळी बसवताना तपशिलात चुका होतात. जाळी नुसती बाजूंना लावतात आणि पत्रा व भिंत यांच्यात हातभर फट मोकळी ठेवतात; किंवा दार पक्के करतात, पण दाराखालची माती रोजच्या वावराने खोल जाते आणि तिथून पंजा आत येतो. वरची फट बंद, खाली दगडी उंबरा, आतून-बाहेरून लागणारी कडी आणि जाळीचे टोक जमिनीत गाडलेले, एवढे नीट झाले की हा गोठा वर्षानुवर्षे टिकतो. एक शेळी गेली तर मिळणारी भरपाई आणि ती मिळवण्यासाठी पंचनाम्यापासून बँकेपर्यंतचे हेलपाटे यांचा हिशेब घातला, तर भरपाईपेक्षा जाळीला अनुदान देणे शासनालाही स्वस्त पडते. माणसाचा मृत्यू झाल्यास राज्य शासन 25 लाख रुपये देते. ही मदत हवीच, परंतु ती घटना घडून गेल्यानंतरची गोष्ट आहे.

माणसावरच्या हल्ल्यांकडे पाहिले तर संध्याकाळ आणि पहाट, एकटे मूल, आणि खाली वाकून किंवा उकिडवे बसून काम करणारी व्यक्ती, असा नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. शौचाला उघड्यावर जाणे, गवत कापणे, अंगणात अंधारात भांडी घासणे, ही सगळी कामे बिबट्याच्या उंचीवर उतरून करण्याची आहेत. त्यात वीजवितरणाने भर घातली आहे. शेतीपंपाला थ्री फेज वीज रात्रपाळीत मिळाली की शेतकऱ्याला मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावे लागते, आणि पाणी कुठवर पोहोचले ते पाहायला तो उसाच्या कडेला वाकतो. बिबटप्रवण गावांच्या फीडरना, म्हणजे त्यांच्या वीजवाहिन्यांना, दिवसा वीज द्यावी ही मागणी जुनी आहे. शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीची कामे पुढे सरकत असताना ती प्राधान्याने याच गावांत करावीत, हे ठरवायला वन्यजीवशास्त्राची पदवी लागत नाही. ऊर्जा विभाग आणि वन विभाग एका टेबलाशी बसले पाहिजेत, आणि ते मात्र सर्वांत अवघड दिसते.

नसबंदीची चर्चा हल्ली जोरात आहे. ती करून पाहायला हरकत नसावी, पण नसबंदी केलेला बिबट्या शेळी खायचे थांबवत नाही, आणि संख्येवर परिणाम व्हायचा तर तो कित्येक वर्षांनी होईल, एवढे आधीच सांगून टाकावे.

शेवटी तोडणीचा हंगाम. ऊस तुटू लागला की बछडे सापडतात. पूर्वी लोक ते घरी आणत, फोटो काढत आणि पिल्ले शोधत फिरणारी मादी रात्रभर वस्तीभोवती घिरट्या घाली. आता वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसे पिल्ले तपासतात, संध्याकाळी त्याच फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानात, प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवतात आणि दूर होतात. बहुतेक वेळा मादी रात्री येऊन एकेक पिल्लू मानेला धरून नेते. या कामाचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र फडात सर्वाधिक धोक्यात असतात ती ऊसतोड मजुरांची मुले, आणि गावातल्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारे कुणी नसते, कारण हे मजूर मतदार बीडचे किंवा पाथर्डीचे. त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उसालगतच्या मोकळ्या रानात पडतात. दार म्हणजे लटकणारे पोते. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे तोडणीचा कार्यक्रम तयार असतो. कोणत्या गटातला ऊस कोणत्या दिवशी तुटणार हे चिटबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, ठाऊक असते. ती यादी आदल्या दिवशी त्या भागाच्या वनरक्षकाला मिळाली, तोडणी वस्तीच्या बाजूने सुरू करून दुसऱ्या टोकाला जनावराला बाहेर पडायची वाट मोकळी ठेवली, आणि कोप्यांसाठी दिवे, कुंपण व शौचालय असलेली जागा कारखान्याने स्वतःच्या खर्चाने दिली, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या गळीत हंगामाआधी कारखान्यांच्या वार्षिक सभा होतील. सभासदांनी तिथे उसाच्या दराबरोबर हा विषयही मांडावा.