मुंबईतले सार्वजनिक ग्रंथालय कोणाच्या पैशावर चालते?

नमस्कार. मुंबई महानगरपालिकेचे मालमत्ता कराचे देयक आपण कधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आहे का? पडद्यावर त्यातील कररचना दिसते आहे: सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर आणि पथ कर. झाडांसाठी यात स्वतंत्र ओळ आहे आणि शिक्षणासाठी तर दोन आहेत, पण ग्रंथालयांसाठी एकही नाही. चेन्नईतील घरमालक मात्र मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकरही भरतो. या एका फरकामुळे आपल्या शहरातील ग्रंथालयांच्या वेळा, त्यांची वर्गणी, नव्या पुस्तकांची खरेदी आणि तेथील कर्मचाऱ्यांचे पगार या साऱ्यांवर काय परिणाम होतो, हे आज आपण हिशेबाच्या अंगाने पाहणार आहोत.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे. त्यातील कलम ६१ मध्ये पालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे दिली आहेत. कचरा, गटारे, दिवाबत्ती ही त्यांत येतात. कलम ६३ मध्ये पालिकेने मनात आणल्यास करावयाची कामे आहेत आणि ग्रंथालये, संग्रहालये व कलादालने यांचा उल्लेख या दुसऱ्या यादीत आहे. थोडक्यात, पालिकेने एखादी अभ्यासिका उघडली किंवा एखाद्या वाचनालयाला मदत केली तर ती तिची मर्जी. केली नाही तर कायद्याने तिला जाब विचारता येत नाही.

म्हणूनच मुंबईत ज्याला आपण सार्वजनिक ग्रंथालय म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी नागरिकांनी स्थापन केलेली आणि नोंदणी झालेली एक संस्था असते. दादर पूर्वेचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १ ऑगस्ट १८९८ रोजी स्थापन झाले. त्याआधी पाच वर्षे, १८९३ मध्ये, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले होते आणि त्यामागे विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारखी माणसे होती. काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. तिच्या सुमारे सव्वा लाख रुपयांच्या खर्चापैकी ६०,००० रुपये डेव्हिड ससून यांनी दिले होते. फोर्टमधील जे. एन. पेटिट ग्रंथालयाची इमारत १८९८ ची, तीही दानातून उभी राहिलेली. इमारतीसाठी देणगी देणारा दाता या शहराला नेहमी मिळाला, कारण इमारतीवर नाव कोरता येते. ग्रंथपालाच्या पगारावर नाव कोरता येत नाही, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ येथेच आहे, असे माझे मत आहे.

राज्य शासन कायद्याने यात १९६७ मध्ये आले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम त्या वर्षी संमत झाला आणि पुढच्या वर्षी ग्रंथालय संचालनालय सुरू झाले, ज्याचे कार्यालय मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे. या कायद्याने ग्रंथालय उपकर बसवला नाही. त्याऐवजी शासनाने दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख रुपये घालावेत, अशी तरतूद केली. १९६७ मध्ये ही रक्कम लहान नव्हती. त्या निधीच्या अंदाजपत्रकी तरतुदीतून मान्यताप्राप्त ग्रंथालयांना परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीची मदत, मिळते. ग्रंथालय जिल्हा, तालुका की इतर, आणि त्याचा वर्ग अ, ब, क की ड, यावर अनुदानाची कमाल मर्यादा ठरते, आणि ग्रंथसंख्या, वर्गणीदार, नियतकालिके, वेळ, कर्मचारी असे निकष तपासून वर्ग ठरतो.

आता आकडा पाहू. जवळपास दहा वर्षे न वाढलेल्या या अनुदानात २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली आणि सर्वांत वरच्या, म्हणजे जिल्हा ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ७,२०,००० रुपयांवरून ११,५२,००० रुपयांवर गेले. बातमीत ही रक्कम भरघोस वाटते. तिला बाराने भागले की महिन्याला ९६,००० रुपये उरतात. त्यातला निम्मा भाग पगारावर धरला, तर ग्रंथपाल, सहायक, पुस्तके देण्याघेण्याच्या निर्गम विभागातील माणूस, लिपिक आणि शिपाई यांच्यात मिळून ४८,००० रुपये वाटायचे आहेत. मुंबईत. हे अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला की पगारही लांबतो, म्हणून शासकीय वेतनश्रेणीची ग्रंथालय कर्मचाऱ्यांची मागणी वर्षानुवर्षे जिवंत राहिली आहे. वाचकाला खिडकीपाशी दिसतो तो शांत, थोडासा त्रासलेला माणूस. त्याच्या कमी बोलण्याचा थोडाफार संबंध या भागाकाराशी असू शकतो.

येथे कोणीही विचारेल की वर्गणी वाढवली तर काय बिघडते. त्यासाठी एका पुस्तकाचा ग्रंथालयातील प्रवास समजून घ्यावा लागतो. समजा, ४०० रुपये किमतीची एक कादंबरी सवलत वजा जाता ३२० रुपयांना विकत घेतली. ती लगेच कपाटात जात नाही. आधी तिची दाखल नोंदवहीत नोंद होते आणि तिला दाखल क्रमांक मिळतो. मुखपृष्ठामागे, मुखपानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्के पडतात, म्हणजे कोणी पहिली पाने फाडली तरी पुस्तक कोणाचे हे सिद्ध करता येते. मग वर्गीकरण, तालिकेतील, म्हणजे ग्रंथसूचीतील, नोंद, पाठीवरचे लेबल, आणि पुठ्ठा कच्चा असेल तर पहिल्याच दिवशी बांधणी. लोकप्रिय कादंबरी दोन-तीन वर्षांत शिलाई सोडते आणि पुन्हा बांधणीला जाते. मुंबईची हवा तर पुस्तकांची वैरीणच आहे: पावसाळ्यात पाने ओलसर होतात, बुरशीचे ठिपके उमटतात, कसर लागते, आणि तळमजल्यावरच्या ग्रंथालयात वाळवीचा बंदोबस्त दरवर्षी करावा लागतो. या सगळ्यात जागेचे भाडे मी धरलेलेच नाही. म्हणून ३२० रुपयांच्या पुस्तकावर ग्रंथालय किती खर्च करते, हे त्याच्या पावतीवरून कधीच कळत नाही.

आता वर्गणीची बाजू. समजा, ग्रंथालयाचे १,००० वर्गणीदार आहेत आणि प्रत्येक जण महिना १०० रुपये देतो. वर्षाला १२ लाख रुपये झाले. वर्गणी २०० रुपये केली की २४ लाख होतील, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात गळती लागते, आणि पहिल्यांदा गळतो तो निवृत्त वाचक, जो रोज येतो, दोन पुस्तके बदलतो आणि वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी तासभर बसतो. वर्गणीदार घटले की वर्ग टिकवण्याचे निकष अडचणीत येतात आणि मग अनुदानालाही धक्का लागण्याची भीती असते. त्यामुळे वर्गणीचा दर कार्यकारिणीत चर्चेला येतो, लांबणीवर पडतो आणि शेवटी अनामत रक्कम थोडी वाढवून प्रश्न मिटवला जातो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अनामत हे उत्पन्न नाही, ते देणे आहे. ताळेबंदात ती दायित्वाच्या बाजूला असते, आणि ती रोजच्या खर्चात वापरली जात असेल तर ती धोक्याची खूण आहे.

वर्गणीच्या पोटात एक खास आपली योजना आहे, दिवाळी अंकांची. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेथून ही परंपरा सुरू झाली, आता एखादे मोठे वाचनालय दरवर्षी शेकड्यांनी अंक घेते. वाचक एकदाच ठरावीक रक्कम भरतो आणि पुढचे काही महिने अंक बदलत राहतो. आर्थिकदृष्ट्या ही योजना मला वाचनालयांच्या सर्व उपक्रमांत सर्वांत हुशारीची वाटते, कारण पैसा आधी हातात येतो, खरेदी नंतर होते, एक अंक अनेक हातांतून फिरतो आणि वर्षभर न फिरकणारे सभासदही त्या निमित्ताने परत येतात. तरीही ती हंगामी आहे. मार्चनंतरचे वीजबिल तिच्यातून भागत नाही.

मग ते कशातून भागते? बहुतेक वेळा इमारतीतून. सभागृहाचे भाडे, अभ्यासिकेचे शुल्क, मुदत ठेवींचे व्याज, क्वचित तळमजल्यावरील गाळ्याचे भाडे. दादरला धुरू हॉल म्हटले की कार्यक्रम आठवतात. तो दादर सार्वजनिक वाचनालयाचा आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसते. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठीची अभ्यासिका ही आजची सर्वांत मागणी असलेली सेवा आहे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहणाऱ्या शहरात तिचे मोल काय, हे सांगायला नको. ग्रंथालयाच्या दृष्टीने तिचा गुण असा की तेथे विद्यार्थी स्वतःची पुस्तके आणतो. ग्रंथालयाने द्यायचे ते टेबल, दिवा, पंखा आणि शांतता. त्यामुळे संदर्भ विभागाचे टेबल कमी करून अभ्यासिकेची आसने वाढवण्याचा मोह प्रत्येक कार्यकारिणीला होतो. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या सेवेतून पैसा येतो ती वाढते आणि ज्या सेवेत फक्त खर्च आहे ती आक्रसते, हे घडत असते. संदर्भ सेवा, बालविभाग आणि जुन्या नियतकालिकांचे जतन या तिन्ही दुसऱ्या गटात मोडतात.

जतनाचा विषय निघाला आहे तर टाऊन हॉलकडे वळू. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत १८०४ साली स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आहे, आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार भारतातील प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशनानंतर ३० दिवसांत, स्वखर्चाने, कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई येथील ग्रंथालयांना पाठवायची असते. प्रत न पाठवल्यास दंड किती? ५० रुपयांपर्यंत, आणि वर पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. टपालखर्च त्याहून जास्त होईल, असे एखाद्या छोट्या प्रकाशकाला वाटले तर नवल नाही. ज्या प्रती येतात त्या मोफत येतात, परंतु त्या ठेवायला टाऊन हॉलसारख्या इमारतीत मांडणी लागते, नोंद करायला माणूस लागतो आणि त्या कधीही बाद करता येत नाहीत. एशियाटिकने जुन्या दुर्मीळ ग्रंथांसाठी ग्रंथ दत्तक घेण्याची योजना आखली आहे. देणगीदार एका ग्रंथाच्या दुरुस्तीचा खर्च उचलतो. चांगली योजना आहे, फक्त देखणा ग्रंथ लवकर दत्तक जातो आणि जुन्या गॅझेटांच्या गठ्ठ्याला वाट पाहावी लागते.

आता उपकराकडे. तमिळनाडूत १९४८ पासून ग्रंथालय कायदा आहे आणि मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयावर १० पैसे ग्रंथालय उपकर घेतला जातो. कर्नाटकात तो ६ टक्के आहे. घरांचा कर वाढला की ग्रंथालयाचे उत्पन्न आपोआप वाढते, त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. पण बंगळूरचा अनुभव डोळ्यांआड करू नये: तेथील महापालिकेने नागरिकांकडून उपकर वसूल केला आणि ग्रंथालय खात्याकडे द्यायची मोठी रक्कम वर्षानुवर्षे थकवली. मुंबईत आणखी एक अडचण आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला आहे. म्हणजे येथे उद्या उपकर लागला, तरी शहरातील कितीतरी घरांकडून तो येणारच नाही. तो मोठ्या सदनिका आणि व्यापारी जागांवर पडेल. माझ्या मते हे अन्यायाचे नाही, पण त्यासाठी कोणाचा विरोध होईल याचा अंदाज आजच बांधता येतो.

निव्वळ कराच्या पैशानेही सगळे सुरळीत होते असे नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत शाखांचा मोठा खर्च शहर उचलते, तर संशोधन ग्रंथालयांना खासगी देणग्यांचा आधार आहे. त्यांनी २०२१ मध्ये उशिराचा दंड बंद केला. २०२३ च्या अखेरीस शहराने अंदाजपत्रकाला कात्री लावल्यावर मात्र रविवारची सेवा थांबवावी लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात निधी परत मिळाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. तेथे ही कपात नगरपरिषदेत वादाचा विषय झाली, कारण पैसा नागरिकांचा होता. आपल्याकडे एखादे वाचनालय संध्याकाळची वेळ दोन तासांनी कमी करते तेव्हा दारावर एक सूचना लागते आणि विषय संपतो.

तो संपू नये यासाठी एक साधन आपल्या हातात आहे. या संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांना लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावा लागतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो. मात्र पुस्तके नेणारा वर्गणीदार आणि सभेत मत देणारा सभासद हे बऱ्याच संस्थांमध्ये वेगळे असतात, म्हणून आपण कोणत्या यादीत आहोत ते आधी कार्यालयात विचारून घ्यावे. वार्षिक अहवाल हाती आला की अध्यक्षांचे मनोगत ओलांडून उत्पन्न-खर्च पत्रकावर यावे आणि ग्रंथखरेदी, वेतन व सभागृह भाडे या तीन रकमा मागील वर्षाशी ताडून पाहाव्यात. ग्रंथखरेदी सलग दोन-तीन वर्षे घटत असेल आणि भाडे वाढत असेल, तर सभेत विचारायचा प्रश्न तयार आहे. सभेची सूचना बहुधा फलकावर लागते, आणि गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. हिशेब मंजूर होतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या सभेत.