काल रात्री काय शिजलं होतं?

नमस्कार श्रोतेहो.

मी आहारतज्ज्ञ म्हणून नुकतीच कामाला लागले होते, तेव्हाची गोष्ट. मधुमेह असलेल्या एका जैन आजींना मी मोठ्या उत्साहानं तक्ता लिहून दिला. त्यात एक ओळ होती : रात्री आठ वाजता गाजर, बीट आणि मुळा यांची कोशिंबीर. आजींनी कागद वाचला, त्याच्या चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवला आणि त्या गेल्या. परत काही आल्या नाहीत. गाजर, बीट, मुळा, तिन्ही कंदमुळं, आजींना वर्ज्य. शिवाय आजी चौविहार पाळणाऱ्या, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या. एका ओळीत मी चार चुका केल्या होत्या.

हल्ली मी तक्ता सगळ्यात शेवटी लिहिते. आधी विचारते, काल रात्री घरात काय शिजलं होतं?

प्रश्न साधा आहे, पण खरं उत्तर पटकन मिळत नाही. "भाजी-पोळी, मॅडम." दवाखान्याची पायरी चढली की सगळा महाराष्ट्र भाजी-पोळी खायला लागतो! घरी भाकरी असते, सुकट असते, वजडी असते, रात्रीचा भात सकाळी फोडणी घालून खाल्लेला असतो. ते सांगायची लाज वाटते. या लाजेत जात आहे, धर्म आहे, 'मॅडम काय म्हणतील' ही धास्ती आहे. आणि ती वाढवण्यात आमचाही हात आहे. आमच्या छापील तक्त्यांत ओट्स असतात, पनीर असतं. जवळा, म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, कधी पाहिलाय तुम्ही तिथे?

कोळीवाड्यातली एक ताई आली होती. हिमोग्लोबिन फक्त ८. कोणीतरी सांगितलं म्हणून दोन महिने बीट आणि डाळिंबावर पैसे घालवत होती. लाल दिसतं म्हणून त्यानं रक्त वाढतं असं नाही हो. बीटात लोह तसं बेताचंच. "घरात मासे असतात का?" मी विचारलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "असतात. पण वासाचं खाणं, इथे कशाला सांगायचं?"

वासाचं खाणं! मांस-मासळीतलं लोह शरीरात पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. तिसऱ्यांमध्ये, म्हणजे शिंपल्यांमध्ये, तर ते भरपूर असतं. औषध दारात होतं आणि बाई डाळिंब सोलत बसली होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ दे, हेही सांगितलं, कारण चहामुळे लोहाचं शोषण कमी होतं. पण खरी गाठ पुढच्या प्रश्नाला सुटली : "तू जेवतेस कधी?" सगळ्यांचं झाल्यावर. तोवर कालवणात रस्सा उरलेला असायचा, तुकडी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातल्या कितीजणी शेवटी जेवत असतील, याचा विचार त्या दिवशी माझ्या मनातून जाईना. म्हटलं, पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन ये.

त्या ताईचं पुढे सांगतेच. मधे एक तक्रार ऐका, ती घरोघरची आहे : "आजोबांचं वेगळं, मुलांचं वेगळं, किती स्वयंपाक करू?" वेगळं करूच नका. कुकर एकच लावा, वाढणी बदला. मधुमेह असलेल्या आजोबांना भाताची एक मूद आणि उसळ दोन वाट्या. खेळून आलेल्या नातवाला भात जास्त. भात कोणाचा वैरी नाही, डोंगर करून वाढला की त्रास देतो. दूध न पचणाऱ्या लेकराच्या मागे पेला घेऊन धावू नका, त्याला नाचणीचं आंबील द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रमजानचे रोजे धरणाऱ्या मधुमेहींनी मात्र महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावं. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा तेच बदलून देतील, आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, नुसता चहा-पाव नको, अंडं किंवा डाळ हवी.

तर, सासूबाई आल्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर राग. सुनेनं चहाडी केली असणार, असा त्यांचा समज. मी सुनेचा विषयच काढला नाही. त्यांचा रक्तदाब मोजला होता, तो वाढलेला होता. खारा बांगडा आवडतो म्हणाल्या. बंद करा म्हटलं नाही. दोनदा पाणी बदलून भिजवा, त्या दिवशी कालवणात वरून मीठ नको, पापड-लोणचं नको. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. राग जरा उतरला. मग जवळ्याची चटणी कशी करतात ते त्यांनीच मला समजावलं, कांदा किती, कोकम कधी. मी लिहून घेत होते.

"हे सगळं करता, पण जेवायला सगळे एकदम बसता का?" मी विचारलं.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मलाच विचारलं, "तुम्ही खाता का हो, सुकट?"

"नाही, मी शाकाहारी."

"बरं झालं," म्हणाल्या, "तुमच्या वाटणीची हिला वाढते."