खाँसाहेबांचं घर कुठलं?

माईक जरा लांबच ठेवतो. माझा आवाज मिरज जंक्शनवर कमावलेला आहे. एके काळी तिथं मीटर, ब्रॉड, नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या. त्यांच्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘गायकांची घरं कशी जपावीत’. त्याकडे येतोच, पण आधी एक कबुली द्यायची आहे.

लहानपणी मी लोकांना किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचं खोटं घर दाखवायचो.

हसू नका, पुढं ऐका. मीरासाहेबांच्या उरुसाला दर्ग्यात गाण्याच्या बैठका होतात, हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरगावचे रसिक सकाळच्या गाडीनं उतरायचे. खाँसाहेबांच्या कबरीवर फुलं वाहायची, सतारमेकर गल्लीत डोकावायचं, आणि मग ठरलेला प्रश्न, “बाळ, खाँसाहेब राहायचे ते घर कुठं रे?” चार मोठ्या माणसांना विचारलं की चार दिशांना बोटं. मला ती गावाची अब्रू गेल्यासारखी वाटायची. मी सरळ त्यांना आमच्या आत्याच्या वाड्यात नेऊन उभं करायचो. आठ आणे मिळायचे, तो भाग वेगळा.

एका वर्षी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, काळी टोपी, आणि खांद्याला गवसणीतला नवा कोरा तंबोरा, गल्लीतून नुकताच घेतलेला. वाड्यात शिरले आणि थबकले. अंगणात तुळशीवृंदावन! “खाँसाहेबांच्या घरी तुळस?” मी म्हटलं, “बायको हिंदू होती ना.” आता ताराबाई माने बडोद्याच्या, हे आत्याच्याच तोंडून ऐकलेलं. गायिका हिराबाई बडोदेकर त्यांचीच मुलगी, जन्म मिरजेतला, १९०५ चा. तेव्हा माझं उत्तर खरं होतं, घर तेवढं खोटं होतं.

गृहस्थ माजघरात गेले. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर सागवानी तुळया आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. कोपऱ्यात आत्याच्या गोधड्यांची चळत. त्यांनी मांडी घातली, गवसणी काढली आणि तंबोरा लावायला घेतला. खुंटी पिळायची, मग मणी केसभर सरकवायचा, मग घोडीवर तारेखाली जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन आणणारा, दोरा इकडंतिकडं. मी कंटाळलो होतो. मग म्हणाले, “इकडं ये, भोपळ्याला कान लाव. खर्जाची, सगळ्यात खालची, तार छेडतोय. षड्ज, म्हणजे सा, सोडून आणखी काही ऐकू येतं?” आधी काही नाही. मग एकदम आलं. कुणीच न छेडलेला स्वर, त्या खर्जातूनच वर येणारा. “गंधार, म्हणजे ग,” ते म्हणाले. “स्वयंभू. अशी खोली पाहिजे हो, घरभर गंधार उभा राहतो. उगाच नाही खाँसाहेब इथं राहिले!”

तेवढ्यात आत्या भाजी घेऊन आली. “कोण रे हे?” एवढंच म्हणाली, आणि मी परसदारानं पसार. गृहस्थांना चहा मिळाला असं नंतर कळलं. ते घर खाँसाहेबांचं नाही, हे मात्र आत्यानं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण पुढं तीसेक वर्षांनी पुण्यात एका मैफलीच्या मध्यंतरात शेजारचा माणूस मला सांगतो, मिरजेत खाँसाहेबांचं घर आहे, अंगणात तुळस आहे, जरूर बघा. मी म्हटलं, बघतो.

तर मुद्दा. माझा लाडका मुद्दा, घरचे कंटाळलेत म्हणून तुमच्यापुढं मांडतो. गायकाचं घर आपण डोळ्यांनी बघतो. ते कानानं बघायचं असतं. आत्याच्या मुलानं वाडा पाडून स्लॅब टाकला, खाली चकचकीत फरशी. आता त्याच जागी टाळी वाजवली की टाळी परत येते. माती, शेण, लाकूड, गोधड्या आवाज पितात. सिमेंट आणि फरशी तो परत फेकतात. मग आधीचा स्वर विरायच्या आत पुढचा त्यावर येऊन पडतो. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची गायकी म्हणजे एकेका स्वराला कुरवाळत जाणं, बारीक टोकदार आवाज, लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. अशा खोलीत ती मींड सगळी चिखल होऊन जाते. शिवाय खाँसाहेबांचा कान तंबोऱ्यावर किती! वाद्यं ते स्वतः दुरुस्त करायचे. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत सिंगपेरुमलकोईलला छातीत दुखू लागलं, खाली उतरले, आणि तिथल्या फलाटावर शेवटचं गायले. त्यांना मिरजेला आणून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. म्हणजे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर राहिले. ते मिरजेतच शिकले आणि १९३१ मध्ये मिरजेतच गेले. त्यांच्यासाठी पुन्हा बोलवा.

भराभर सांगतो. जुनं घर दुरुस्तीला काढण्याआधी त्यात तंबोरा लावा आणि त्या खोलीतला आवाज रेकॉर्ड करून ठेवा. फोटो शंभर काढता, आवाज एकही नाही. दुसरं, मातीच्या जागी मातीच घाला. गळकं माळवद दुरुस्त होतं, त्यासाठी स्लॅब लागत नाही. ते काम जाणणारी माणसं अजून आहेत, फक्त त्यांना कोटेशन भरता येत नाही. तिसरं, काचेच्या पेटीतला तंबोरा बाहेर काढा. तारा चढवा, जवारी नीट करून घ्या, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी वाजवू द्या. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. तो वाजवायला शांत खोली कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. फलक मात्र लावतात, बघा, ग्रॅनाइटचे!

शेवटचं. मी तंबोरा बरोबर आणलाय, तिथं खिडकीपाशी ठेवलाय. या सभागृहात गंधार येतो का, ते आत्ताच बघू. मला शंका आहे, फरशी बघितलीत ना? पुढच्या दोन रांगा जरा जवळ सरका. आणि तो पंखा कुणीतरी बंद करा.