परतीची वाट

नाशिक-मुंबई प्रवास गाडीने केलेल्यांना ठाऊक आहे, कसारा घाटात जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या ऑफिसातून इंटरनेटवरून जर्मनीतल्या सर्व्हरकडे निघालेल्या पॅकेटचंही, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याचंही, बऱ्याचदा असंच होतं. पण त्याची परतीची वाट आपल्याला दिसत नाही.

जायची वाट ट्रेसरूट नावाचा प्रोग्राम दाखवतो. व्हॅन जेकबसन यांनी तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस लिहिला. पॅकेटवर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे पॅकेट पुढे धाडणारं यंत्र, तो एकने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो. आकडा १, २, ३ असा वाढवत नेला की एकेक राउटर आपला पत्ता सांगतो.

मात्र स्क्रीनवरचे मिलिसेकंद जाण्यायेण्याचे मिळून असतात. सातव्या टप्प्यावर आकडा अचानक फुगला, की सगळा संशय त्या राउटरवर. त्याचं उत्तर कदाचित भलत्याच देशातून फिरून आलेलं असतं! नेटवर्क सांभाळणाऱ्या पोरापोरींच्या रात्रीच्या रात्री अशा चुकीच्या जागी शोधण्यात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नेटवर्क-संशोधक व्हर्न पॅक्सन यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात जवळपास निम्म्या वेळा दोन्ही दिशांच्या मार्गांत निदान एका शहराचा फरक निघाला. कारण सरळ आहे. प्रत्येक नेटवर्क आपला मार्ग आपल्या सोयीने आणि खर्चाने ठरवतं.

मग परतीचा माग काढायचा कसा? २०१० साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ईथन कॅट्झ-बॅसेट आणि सहकाऱ्यांनी काढलेली युक्ती मला विलक्षण वाटते. पॅकेटच्या मथळ्यात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, वाटेतल्या राउटरांचे पत्ते लिहायची जुनी सोय आहे. जागा फक्त ९. नाशिकहून निघालं तर जर्मनीला पोचेपर्यंतच त्या भरतील. म्हणून सर्व्हरजवळच्या दुसऱ्या मशीनने पॅकेट पाठवायचं, पण पाठवणारा म्हणून पत्ता लिहायचा नाशिकचा. सर्व्हर उत्तर नाशिकला धाडतो आणि उरलेल्या जागांत परतीचे पहिले राउटर नोंदले जातात. मग त्यातल्या शेवटच्या राउटरपासून पुन्हा तेच. तुकड्याला तुकडा जोडत वाट घरापर्यंत येते. काही राउटर अशी पॅकेटं टाकून देतात, तिथे इतर युक्त्या शोधाव्या लागतात.

वाट सापडली तरी ती बदलणं आपल्या हातात पूर्णपणे नसतं. नेटवर्कचालक शेजारच्या नेटवर्कांना आपल्या पत्त्यांची घोषणा करताना नको असलेल्या बाजूला मार्गाच्या यादीत स्वतःच्या नेटवर्कचा क्रमांक दोन-तीनदा जोडतो. तो मार्ग लांब दिसतो, आणि पलीकडचे बहुधा दुसरा निवडतात.